खाडीवर पक्षी बघायला निघालात? या चुका टाळा

मायणी, येरळवाडीच्या तलावांवर फिरून तयार झालेली आपली सातारची मंडळी ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात जाऊन हमखास फसतात. कारण एकच. तलावाला भरती-ओहोटी नसते. ‘उजाडायच्या आत पोहोचलं की झालं’ हा येरळवाडीचा नियम ऐरोलीत, म्हणजे अभयारण्याची बोट सुटते तिथं, चालत नाही. पौर्णिमेला रात्रभर गाडी हाकून सकाळी सहाला पोहोचलात, तर समोर नुसता चिखल, रोहित (म्हणजेच फ्लेमिंगो) पार लांब, आणि पाणी चढेपर्यंत बोट सुटत नाही.

म्हणून सुट्टीचा वार नंतर, आधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोहोचतं. दशमी-एकादशीची सकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते: भरलेल्या पाण्यावर बोट निघते आणि ओहोटी लागून चिखल उघडा पडू लागला की पक्षी चरायला जवळ येतात. अर्थात हा अंदाज झाला. बोटीची नक्की वेळ ऐरोलीच्या केंद्रात आधी विचारून, बुकिंग करूनच निघा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे.

संध्याकाळची फेरी घेऊ नका असं नाही, पण ऐरोली खाडीच्या पूर्वेला आहे. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. मग ओळख पटत नाही. तशीही ती पटवताना गडबड होतेच. आपल्याकडे येतात ते बहुतेक मोठे रोहित: गुलाबी चोच, टोक काळं. ठाण्यात भरणा धाकट्या रोहितांचा, ही वेगळी, लहान जात. त्यांची चोच गडद, लांबून काळीच वाटते. करडी, मळकट पिल्लं दिसली तर ‘हे कुठले बगळे?’ म्हणून सोडून देऊ नका, तेही रोहितच.

हलत्या बोटीत दहापटीची दुर्बीण स्थिर राहत नाही, आठपटीची घ्या.

थवा उडवून फोटो काढायचा हट्ट नको. चरणाऱ्या रोहितांनी माना वर केल्या की बोट तिथंच थांबवायला सांगा. आणि तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, चिखलात उतरू नका. माणूस मांडीपर्यंत रुततो, शिवाय चिखलातून वर आलेली ती टोकं म्हणजे झाडांची श्वास घेणारी मुळं असतात, पायाखाली मोडतात.

कॅमेऱ्यावरचा खारा ओलावा तिथंच ओलसर फडक्यानं पुसा, साताऱ्याला पोहोचेपर्यंत ठेवू नका.