ग्वाल्हेरच्या थंडीत कोंबड्यांचं खुराडं : या चुका टाळा

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा रात्री चार-पाच अंशांवर उतरतो, कधी त्याहूनही खाली, आणि धुकं दुपारपर्यंत हलत नाही. अशा वेळी परसात कोंबड्या पाळणारे आपण पहिलं काम करतो ते खुराडं चारी बाजूंनी गच्च बांधायचं. गोणपाट, ताडपत्री, फाटकी रजई, हाताला लागेल ते. हिवाळ्यातली बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

कोंबडीच्या अंगातली उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते. पिसं फुलवून ती त्यांत हवा कोंडते आणि निरोगी, मोठी कोंबडी अशी रात्र आरामात काढते. सोसत नाही ती ओल. रात्रभराच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर पडली नाही, तर पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि त्यांच्याच पाठीवर पडतात. भिजलेली पिसं ऊब धरत नाहीत. वर विष्ठेतून सुटणारा अमोनिया. डोळे पाणावतात, श्वासाला घरघर लागते, आणि आपण म्हणतो, थंडी बाधली.

सकाळी दार उघडल्याबरोबर छताला आतून हात लावून पाहा. मग कोंबडीच्या उंचीवर वाकून वास घ्या. उभ्यानं घेतलेला वास फसवतो. हात ओला झाला किंवा डोळे चुरचुरले, तर बांधाबांध वाढवू नका, वरची हवा मोकळी करा. छपराच्या कडेखाली दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची जाळीची फट बारा महिने उघडी असावी. बसायची दांडी तिच्या बरीच खाली हवी, म्हणजे वारा डोक्यावरून जाईल, अंगावर झोत येणार नाही. पश्चिम आणि उत्तरेकडची खालची बाजू मात्र खुशाल झाका. दक्षिण उघडी ठेवा, हिवाळ्यातलं ऊन तिकडूनच आत येतं.

लोखंडी पाइपाची दांडी नको, तो बर्फासारखा गार पडतो. तीनेक इंच रुंदीची चपटी लाकडी पट्टी लावा. कोंबडी तिच्यावर बसली की पोटाच्या पिसांखाली बोटं झाकली जातात.

आपल्याकडच्या अंगणात दगडी फरशी असतेच. तिच्यावर नुसतं वर्तमानपत्र अंथरून भागत नाही. भाताचं तूस किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा चार-सहा इंच घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. मुठीत दाबून पाहायचा. गोळा झाला तर ओला आहे, तेवढा भाग काढून टाका. जागा कोंबडीमागे चार चौरस फूट धरा. सहा कोंबड्यांना सहा बाय चारचं खुराडं. फार मोठं, रिकामं खुराडं त्यांच्या अंगच्या उबेनं गरम होत नाही, हेही खरं.

शेगडी आत ठेवणं ही सगळ्यांत घातक चूक. बंद जागेत कोळशाचा वायू माणसालाही मारतो, कोंबडीची काय कथा. भुशावर लोंबणारा मोठा बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण, आणि मोठ्या कोंबड्यांना त्याची गरजही नसते. पिलांचं वेगळं : त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. म्हणून डिसेंबरात पिलं आणूच नयेत असं माझं मत. फेब्रुवारी उलटू द्या.

अंडी थांबली की खाद्याला दोष दिला जातो. पण डिसेंबरअखेर आपला दिवस साडेदहा तासांचाच असतो आणि भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. शिवाय पिसं झडण्याच्या काळात कोंबडी तशीही अंडी देत नाही. दिवा लावायचाच तर छोटा, छताला नीट बसवलेला, आणि पहाटे. संध्याकाळी एकदम विझवला तर काळोखात त्या दांडीवर चढू शकत नाहीत. पाणी सकाळी कोमट द्या. गार पाणी त्या कमी पितात, मग खाणंही घटतं.

तुऱ्याला व्हॅसलीन चोळायचा सल्ला बर्फाच्या मुलुखातला आहे, तो इथे सोडून द्या. मुंगसाची आणि बोक्याची काळजी करा. धुक्यात ती अंगणापर्यंत येतात. पातळ षटकोनी जाळी ती फाडतात, त्यापेक्षा अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या.

आणि काहीही पक्कं ठोकू नका. याच खुराड्यात मे महिन्यात ४५ अंशांची लू येते, आणि कोंबडीला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त लवकर मारतो. पडदे हुकांवर टांगा, मार्चमध्ये उतरवता येतील असे.