अहिंसेचा जागतिक विचार शिकवताय? या चुका टाळा

अमेरिकन लेखक थोरोकडून टॉल्स्टॉय, टॉल्स्टॉयकडून गांधी, गांधींकडून मार्टिन ल्यूथर किंग. फळ्यावर असे बाण काढले की तास झक्कास होतो. कोल्हापुरात मीही बरीच वर्षं हेच केलं. घोटाळा असा की थोरोचा सविनय कायदेभंगावरचा निबंध १८४९ चा असला, तरी दक्षिण आफ्रिकेतला लढा बराच पुढे गेल्यावरच तो आपल्या हाती आला, असं खुद्द गांधींनी १९३५ च्या एका पत्रात लिहिलंय. बाण काढा, पण तुटक रेषेचे.

दुसरी चूक शब्दाची, आणि ती जास्त महागात पडते. सत्याग्रह म्हणजे सविनय कायदेभंग, एवढं वहीत उतरलं की गाडी महाडला अडते. हातकणंगल्याकडच्या एका पोरानं तासाला सरळ विचारलं, "सर, महाडात कायदा मोडलाच कुठं?" बरोबर होतं त्याचं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ मध्येच केला होता, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तो मान्यही केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते मिळालेला हक्क बजावायला. कायदा बाजूनं, रूढी विरुद्ध. नंतर जमावानं मारहाण केली, तरी त्यांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. अहिंसा शिकवायची ती इथं. १९३० मध्ये दांडीला नेमकं उलटं होतं, तिथं मिठाचा कायदाच अन्यायाचा.

तेव्हापासून प्रत्येक लढ्याला मी एकच प्रश्न लावतो: कायदा कोणाच्या बाजूनं होता? अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध झालेल्या माँटगोमेरीच्या बसबहिष्काराला (१९५५-५६) तो लावला की वर्ग तापतो, कारण शहराचा कायदा एक सांगतो आणि राज्यघटना दुसरंच.

माणगाव परिषद (मार्च १९२०) तर आपल्याच जिल्ह्यातली. शाहू महाराजांनी बाबासाहेबांचं नेतृत्व तिथं जाहीर केलं. 'स्थानिक इतिहास' म्हणून ती शेवटच्या आठवड्यात ढकलू नका; तेव्हा निम्मा वर्ग सबमिशनच्या मागे असतो.

आणि 'टिपा लिहा: अहिंसा' हा प्रश्न काढूच नका, गाइडमधल्या त्याच बारा ओळी साठ पेपरांत वाचाव्या लागतात. दांडी आणि महाड समोरासमोर ठेवा, फरक विचारा. तपासायला वेळ लागतो, दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस त्यात जातात.