तामेशिगिरी: पहिला काप कसा घ्यावा आणि कापलेली चटई कशी वाचावी

जपानी तलवारविद्येत ‘तामेशिगिरी’ म्हणजे चाचणीसाठी केलेली कापणी. एदो काळात (1603 ते 1868) ही चाचणी तलवारीची असे. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराण्यातील पारखी देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या मृतदेहांवर पाते चालवून पाहत, आणि निकाल कधीकधी मुठीत दडणाऱ्या पात्याच्या शेपटावर कोरला जाई. आजच्या दोजोमध्ये, म्हणजे सरावशाळेत, भिजवलेल्या चटईची सुरळी कापतात आणि तपासला जातो तो विद्यार्थ्याचा हात. हवेत तलवार फिरवताना चूक लपून राहते, चटईत मात्र ती उमटते. म्हणूनच कापून झाल्यावर चटईकडे बारकाईने पाहणे हा या सरावाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे मी मानतो.

लाकडी तलवारीने सुबुरी, म्हणजे एकच वार पुन्हापुन्हा करण्याचा सराव, पक्का झाल्यावर आणि शिक्षकांनी परवानगी दिल्यावरच या सरावाकडे वळावे. शिक्षक समोर नसताना एकट्याने कापण्याचा प्रयत्न कधीही करू नये. इआइ, म्हणजे म्यानातून तलवार उपसून वार करण्याची विद्या, शिकताना वापरली जाणारी इआइतो तलवार जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि बिनधारेची असते. तिने चटईवर वार केल्यास पाते वाकण्याचा किंवा तुटून उडण्याचा धोका असतो. कापण्यासाठी पोलादाची धारदार तलवार, म्हणजे शिनकेन, लागते. जपानमध्ये अशा तलवारीची नोंदणी सक्तीची आहे आणि भारतातही तलवारी 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे ती घेण्यापूर्वी किंवा कोठे नेण्यापूर्वी स्थानिक नियमांची खात्री करून घ्यावी.

चटईची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. तातामीच्या, म्हणजे जपानी घरात जमिनीवर अंथरलेल्या जाड चटईच्या, वरच्या आवरणाला ‘ओमोते’ म्हणतात. ते इगुसा नावाच्या, आपल्या लव्हाळ्याची आठवण करून देणाऱ्या गवताचे विणलेले असते. जपानमधील इगुसाचे बहुतांश पीक कुमामोतो प्रांतातून, विशेषतः यात्सुशिरोच्या परिसरातून येते. घरातील तातामीची आवरणे बदलली जातात तेव्हा उतरवलेली जुनी आवरणे अनेक दोजो सरावासाठी घेतात, आणि नवशिक्यासाठी ती उत्तमच असतात. साधारण 90 सेंटिमीटर रुंद आणि 180 सेंटिमीटर लांब अशा एका आवरणाची घट्ट सुरळी करावी, म्हणजे ती 90 सेंटिमीटर उंच होते. तिला चार-पाच ठिकाणी रबरबँड किंवा सुतळी बांधून ती सुमारे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावी. सुरळी तरंगते, म्हणून तिच्यावर वजन ठेवावे. कापण्याच्या काही तास आधी ती बाहेर काढून निथळू द्यावी. कोरडी चटई पात्याला अडवते आणि त्यावर जास्त चरे पाडते, तर नीट भिजलेली चटई लवचीक राहते आणि पाते आत घेते. त्यानंतर जड बैठकीच्या उभ्या लाकडी खुंटीवर ती घट्ट रोवावी.

आता तलवार तपासावी. पाते मुठीत धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बांबूची एक छोटी खुंटी, तिला ‘मेकुगी’ म्हणतात. ती चिरली, झिजली किंवा सैल झाली असेल तर त्या दिवशी कापू नये. मुठीवर तळहाताने हलकेच थापटून खडखड ऐकू येते का, हेही पाहावे. वार करणाऱ्याच्या समोर किंवा बाजूला, म्हणजे पाते अथवा तुकडा ज्या दिशेने जाऊ शकतो तेथे, कोणीही उभे राहू नये. बघणाऱ्यांनी मागे आणि पुरेसे दूर थांबावे. चटईतून गळणाऱ्या पाण्याने जमीन निसरडी होते, तीही प्रत्येक फेरीनंतर पुसून घ्यावी.

पहिला वार ‘केसागिरी’ असावा, म्हणजे उजव्या खांद्यावरून डावीकडे खाली उतरणारा तिरका वार. बौद्ध भिक्षूची केसा, म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र, ज्या तिरक्या रेषेत अंगावर येते, त्या रेषेवरून हे नाव पडले, आणि केसा हा शब्द आपल्या ‘काषाय’चेच जपानी रूप आहे. या वारात उजवे पाऊल पुढे आणि डावे मागे असलेच पाहिजे. डावे पाऊल पुढे राहिले तर खाली येणाऱ्या पात्याच्या वाटेत स्वतःचाच गुडघा येतो. या एका गोष्टीत चालढकल करू नये.

अंतर ठरवण्यासाठी पाते सावकाश चटईपर्यंत न्यावे आणि ‘मोनोउची’, म्हणजे टोकाकडचा, कापण्यासाठी वापरला जाणारा भाग, चटईला भिडतो ना, हे पाहावे. डावा हात मुठीच्या शेवटाला, उजवा तिच्या वरच्या बाजूला आणि दोहोंमध्ये साधारण मुठीएवढी जागा ठेवावी. ओले फडके पिळताना करंगळी आणि अनामिका जशा आवळतात तशी पकड असावी. खांदे मात्र सैल ठेवावेत. सुरळीच्या वरच्या टोकापासून सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर खाली, उभ्या रेषेशी 30 ते 45 अंशांचा कोन करून वार उतरवावा आणि पाते जमिनीला लागण्याआधीच थांबवावे. वेग डाव्या हाताने द्यावा, उजव्याने फक्त दिशा राखावी. वार झाल्यावरही नजर आणि टोक चटईवरच ठेवावे. या सावधपणाला ‘झानशिन’ म्हणतात.

माझ्या पहिल्या वारात सुरळी कापली गेली आणि मी मनोमन सुखावलो. शिक्षकांनी काही न बोलता पडलेला तुकडा उचलून माझ्या हातात दिला. काप तिरका सुरू झाला होता, पण मध्येच वळून जवळजवळ आडवा बाहेर पडला होता. पृष्ठभाग पळीने उपसल्यासारखा खोलगट होता. पात्याची धार आणि पात्याची वाट एका रेषेत असण्याला ‘हासुजी’ म्हणतात, आणि माझी हासुजी चटईच्या आतच बिघडली होती, कारण उजव्या हाताने मी पाते ढकलले होते.

प्रत्येक तुकडा असाच वाचावा. पृष्ठभाग सपाट आणि गवताची टोके एकसारखी असतील तर हासुजी साधली. पलीकडच्या कडेला काही काड्या लोंबत राहिल्या असतील तर बहुधा अंतर जास्त होते आणि टोक लवकर बाहेर आले. तुकडा दूर उडाला किंवा बैठकच कलंडली, तर कापण्याऐवजी ढकलले गेले, असे समजावे. पाते मध्येच अडकले तर ते हिसकू किंवा पिळू नये, कारण पाते वाकते ते अशाच वेळी. ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने ते शांतपणे बाहेर घ्यावे. चूक कळल्यावर लगेच दुसरा वार न करता लाकडी तलवारीने तीच हालचाल दहा-वीस वेळा करावी. एका सुरळीत चार-पाच काप सहज मिळतात, त्यामुळे घाईचे कारण नसते.

ओले पाते तसेच म्यानात घालू नये. चटईचा चिकट रस आणि माती मऊ कोरड्या कापडाने पुसावी. पुसताना कापड पाठीच्या बाजूने धरून मुठीकडून टोकाकडे न्यावे. पात्यावर उजेड तिरका पाडला की बारीक चरे दिसतात, आणि त्यांच्या दिशेवरून पाते चटईतून कसे गेले हेही कळते. शेवटी लवंगेच्या वासाच्या चोजी तेलाचा पातळ थर द्यावा. दुसऱ्या दिवशी पाते पुन्हा काढून, विशेषतः मुठीजवळच्या पितळी पट्टीपाशी, ओल राहिली आहे का ते पाहावे, कारण गंज पहिल्यांदा तेथेच धरतो.