चेनसॉ चालू होत नाही? कार्बोरेटरचे स्क्रू पिळायच्या आधी हे बघा

पाऊस उघडला की आमच्याकडे कोकणात सगळ्यांची एकच घाई, कलमांच्या आतल्या फांद्या काढायच्या, वादळात पडलेली झाडं तोडून लाकडं करायची, आणि नेमकं तेव्हाच जूनपासून पडवीत पडलेलं चेनसॉ दगा देतं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायला येतो, मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू पिळायला बसतो आणि तिथंच वाट लागते. अहो, जूनमध्ये मशीन नीट चालत होतं ना, मग स्क्रू काय रात्री उठून फिरले? बिघाड बहुतेक वेळा पेट्रोलचा असतो.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता (चुलीपासून लांब, विडीवाल्यांनी तर आणखी लांब) आणि दहा मिनिटं हलवू नका. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते ओलावा ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की पाण्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर पण तळाशीच, म्हणजे मशीन नेमकं तेच पितं, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल राहतं वरच्या थरात! बाटलीत खाली वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा वास आला तर ते परत टाकीत घालू नका.

नवीन मिक्स मापून करा. कंपनीने 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली टूटी (2T, टू-स्ट्रोकचं) ऑइल, 25:1 असेल तर 40 मिली. झाकणभर ऑइल हे माप नव्हे. बाईकमधलं नुसतं पेट्रोल काढून घातलंत तर पिस्टन गेलाच म्हणून समजा. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा. आणि नवीन गडी असेल तर कुठली टाकी पेट्रोलची आणि कुठली चेन ऑइलची ते दाखवूनच द्या, आमच्याकडे एकदा उलटं झालंय.

तरी चालू होत नाही? प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, चोक ऑफ करून, रेस पूर्ण दाबून सहा-सात वेळा दोरी ओढा, प्लग पुसून परत बसवा. कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाहीये, मग तारेचा हूक करून टाकीतला फिल्टर बाहेर काढा आणि नळी बोटाने वाकवून बघा, टाकीच्या भोकाजवळ तडकलेली असते.

एक गंमत सांगतो. माझं मशीन दहा मिनिटं झकास चालायचं आणि मग दम टाकायचं, थोड्या वेळाने परत चालू. मेस्त्रीने कार्बोरेटरच नवीन टाकायला सांगितला होता. एकदा बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आत गेली! टाकीचा ब्रीदर (हवा आत जायची वाट) भुशाने बुजलेला, बाकी काही नाही.

हे सगळं बघून झालं तरच कार्बोरेटर उघडा. एका बाजूला एक स्क्रूचं झाकण, आत बारीक जाळी, ती बुजते. दुसऱ्या बाजूला चार स्क्रू, आत रबराचा पडदा, तो मऊ हवा, वाळक्या पानासारखा करकरला की नवीन किट घाला. पडदा आणि गॅस्केट कुठलं आधी ते विसरायला होतं, म्हणून उघडताना मोबाईलवर फोटो काढत जा. भोकात तार घालू नका, क्लीनर मारा.

स्क्रूंचं म्हणाल तर एल म्हणजे हळू चालतानाचं पेट्रोल, एच म्हणजे फुल रेसचं, टी किंवा एलए म्हणजे आयडल, रेस सोडल्यावरचा वेग. एच जास्त आवळला की आवाज कसा चिरका आणि जोरदार येतो, माणूस खूश होतो, पण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जातं आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. मी एक सिलेंडर असाच घालवलाय. फिरवायचाच तर आधी किती आटे होते ते लिहून ठेवा आणि एअर फिल्टर साफ करूनच फिरवा. रेस सोडल्यावरही चेन फिरत असेल तर टी थोडा सैल करा, तरीही थांबली नाही तर क्लच दाखवा आणि तोवर त्या मशीनने एक फांदीही कापू नका.

पुढच्या जूनमध्ये ठेवताना टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच टांगा.