करवंटीच्या कोळशाचा सुपरकॅपॅसिटर: आधी कोळसा सुधारा

प्रोजेक्टसाठी सुपरकॅपॅसिटर (सच्छिद्र कोळशाच्या पृष्ठभागावर विजेचा भार साठवणारे साधन) करायला बसलेला विद्यार्थी आधी विचारतो, "जास्तीत जास्त पृष्ठभागाचा कोळसा कुठे मिळेल?" करवंटीच्या चांगल्या सक्रिय कोळशात ग्रॅममागे साधारण १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे कबड्डीची अकरा मैदाने. पण आयन (द्रावणातले विद्युतभारित कण) पोहोचतच नसतील तर ती मैदाने ओसाड. साठवणीला १-२ नॅनोमीटरची छिद्रे लागतात आणि तिथवर जायला त्याहून रुंद वाटाही.

नवी छिद्रे पाडायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडसोबत, नायट्रोजनमध्ये ७००-८०० अंशांवर भाजतात. त्यात धातुरूप पोटॅशियम तयार होऊ शकते आणि ते पाणी लागताच पेटते. घरी याच्या वाटेलाच जाऊ नका. फिल्टरसाठी मिळणारा करवंटीचा सक्रिय कोळसा आणा.

तो मास्क लावून खलात वस्त्रगाळ करा. मग धुणे. हे काम कंटाळवाणे, म्हणून बहुतेक जण इथेच घाई करतात. भुकटी पाण्यात टाकलीत की बारीक चुरचुर ऐकू येईल. ती छिद्रांतून सुटणारी हवा. प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजवा. राखेतले क्षार आणि लोह सुटते. लोह राहिले तर भरलेला सेल, म्हणजे तयार सुपरकॅपॅसिटर, नुसता ठेवला तरी उतरत जातो. नंतर डिस्टिल्ड पाण्याने, लिटमस उदासीन दाखवेपर्यंत धुवा आणि ११० अंशांवर वाळवा.

आता ८० भाग कोळसा, १० भाग कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी), १० भाग पीटीएफई (टेफ्लॉन, भुकटी बांधून ठेवायला). पीटीएफई दुधासारख्या द्रवात मिळते; त्यात ते ६० टक्के असेल तर ०.१ ग्रॅमसाठी ०.१७ ग्रॅम द्रव घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घालत मळा, जवळ ज्योत नको. सुरुवातीला सगळे भुसभुशीत राहते, मग अचानक रबरासारखी ताण धरते. तेव्हाच कागदासारखे पातळ लाटा, सारख्या वजनाचे दोन तुकडे कापा, वाळवा आणि ग्रॅफाइटच्या पत्र्यावर दाबून बसवा. चिकटत नाही म्हणून पीटीएफई वाढवू नका. ते वीज वाहत नाही, वर छिद्रेही बुजवते.

मध्ये फिल्टर पेपर, त्यावर सोडियम सल्फेटचे द्रावण (लिटरला १४२ ग्रॅम, निर्जल). ०.८ व्होल्टपर्यंत भरा, १०० ओहमच्या रोधातून उतरवा आणि ०.३ व्होल्टला यायला लागलेले सेकंद मोजा. सेकंद भागिले ओहम म्हणजे फॅरड, साठवणक्षमतेचे एकक. २०० सेकंद लागले तर २ फॅरड. दोन्ही तुकड्यांतल्या कोळशाचे मिळून वजन ०.१ ग्रॅम असेल, तर कोळशाचा आकडा ग्रॅमला २० नव्हे, त्याच्या चौपट, ८० फॅरड: सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड, म्हणजे हे दोन तुकडे, एकामागोमाग जोडलेले असतात. हे चौपटीचे गणित न सांगता आकडे मिरवणारेही भेटतील.

रोध जोडताक्षणी व्होल्टेज धपकन पडले तर दोष मळण्यात किंवा दाबण्यात आहे. सेकंदच कमी भरले तर कोळशात. भरून रोधाविना ठेवलेला सेल सकाळपर्यंत रिकामा झाला, तर पुन्हा धुवायला घ्या.