केटानसेरिन, स्ट्रायटम आणि माझे चार महिने

रिसेप्टर बाइंडिंगला (एखादा रेणू पेशींवरच्या रिसेप्टरना किती चिकटतो ते मोजायला) पहिल्यांदाच बसणार असाल तर एक गोष्ट आधी ऐका. मेंदूच्या एका भागावर बसवलेला प्रोटोकॉल दुसऱ्या भागावर तसाच चालवू नका. मी चालवला आणि पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले चार महिने गेले. आज हे लिहितानाही पोटात खड्डा पडतो.

काम होतं रॅटच्या मेंदूतले ५-एचटी२ए, म्हणजे सेरोटोनिनचे एका प्रकारचे, रिसेप्टर मोजायचं. हॉट लिगंड (रिसेप्टरवर बसणारा किरणोत्सारी रेणू) म्हणून ट्रिशिएटेड केटानसेरिन, म्हणजे ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं केटानसेरिन हे औषध. फ्रंटल कॉर्टेक्समध्ये तो सुरेख चालतो. कर्व्ह वेळेवर सपाट होतो, ट्रिप्लिकेट जुळतात. तिथे हात बसला म्हणून मी तीच पद्धत स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागाला लावली. टोटलच्या नळ्यांत फक्त हॉट, नॉनस्पेसिफिकच्या नळ्यांत सोबत भरपूर कोल्ड, म्हणजे किरणोत्सारी नसलेलं, केटानसेरिन. ते मोजक्या जागा अडवतं, हॉट उरतो तो नुसता इकडेतिकडे चिकटलेला. वजाबाकी केली की उरेल ते स्पेसिफिक. आकडे भरघोस आले, कर्व्हही देखणा आला. सर म्हणाले, "छान, पोस्टरला टाक."

पोस्टरच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या लॅबमधल्या मॅडमनी माझी वही चाळली. "कोल्ड कुठलं घातलंस?"

"केटानसेरिनच, मॅडम."

"उद्या मिआन्सेरिन घालून बघ."

मिआन्सेरिन म्हणजे त्याच रिसेप्टरवर बसणारं, पण वेगळ्या घडणीचं औषध. दुसऱ्या दिवशी त्याच्या नळ्यांतले काउंट्स (किरणोत्साराचे आकडे) खाली यायलाच तयार नाहीत. माझं 'स्पेसिफिक' निम्म्याहून कमी झालं.

झालं होतं ते असं. केटानसेरिन फक्त सेरोटोनिन रिसेप्टरवर बसत नाही. डोपामिनसारखी द्रव्यं पुटिकांमध्ये भरणारा व्हीमॅट२ नावाचा वाहक असतो, त्यावरही तो बसतो. स्ट्रायटममध्ये डोपामिनच्या टोकांची दाटी, त्यामुळे तिथे हा वाहक ढिगाने. आता नीट बघा. कोल्ड म्हणून तोच रेणू घातला, तर तो हॉटला रिसेप्टरवरून उठवतो तसाच व्हीमॅट२ वरूनही उठवतो. दोन्ही जागा मोजक्या, दोन्ही भरून संपणाऱ्या. वजाबाकीला त्यांच्यातला फरक दिसत नाही. म्हणजे 'स्पेसिफिक' या शब्दाचा अर्थ एवढाच, की जागा मर्यादित आहे. ती कोणाची आहे हे तो शब्द सांगत नाही. मला हे तीनदा ऐकूनही कळलं नव्हतं, म्हणून पुन्हा सांगते: नॉनस्पेसिफिक ठरवणारं औषध हॉटपेक्षा वेगळ्या रासायनिक घडणीचं हवं, आणि दोघांमध्ये समान असावा तो फक्त तुम्हाला हवा असलेला रिसेप्टर. केटानसेरिनसोबत मिआन्सेरिन किंवा मेथिसर्जाइड घ्या. स्ट्रायटम असेल तर सगळ्या नळ्यांत टेट्राबेनाझिन घालून व्हीमॅट२ आधीच झाकून टाका. केटानसेरिनला अॅड्रेनालिनचे अल्फा-१ आणि हिस्टामिनचे एच१ रिसेप्टरही आवडतात. ते झाकायला अनुक्रमे प्राझोसिन आणि पायरिलामिन.

या क्षेत्राची सुरुवातच अशा तुलनेतून झाली आहे. १९७९ मध्ये पेरूटका आणि स्नायडर यांनी ट्रिशिएटेड सेरोटोनिन आणि ट्रिशिएटेड स्पायरोपेरिडॉल शेजारी ठेवून पाहिले, म्हणून ५-एचटी१ आणि ५-एचटी२ हे दोन गट वेगळे निघाले. एकाच लिगंडवर भरवसा ठेवला असता तर ते दिसले नसते.

बाकीचं हाताने येतं, घाबरू नका. जीएफ/बी फिल्टर (काचेच्या धाग्यांचा, त्यावर ऊतक अडतं आणि मोकळा लिगंड वाहून जातो) पॉलिइथिलीनइमिनमध्ये भिजवून ठेवा, नाहीतर लिगंड काचेच्या धाग्यांनाच चिकटतो. ऊतक न घालता एक नळी जरूर चालवा, फिल्टर किती धरून ठेवतो ते तिथेच कळतं. धुण्याचं बफर बर्फात हवं आणि तीन धुणी झटपट. थांबलात की बसलेला लिगंड सुटून वाहून जातो. सुरुवातीचा महिनाभर माझ्या नळ्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. मग एके दिवशी आपोआप जुळल्या. तुमच्याही जुळतील.

ट्रिटियमबद्दल मात्र गाफील राहू नका. त्याचा बीटा कण इतका दुबळा (जास्तीत जास्त १८.६ केईव्ही), की गायगर काउंटर गप्प राहतो आणि छातीवरच्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बॅजलाही पत्ता लागत नाही. टेबल स्वच्छ आहे हे फक्त वाइप टेस्ट सांगते: ओला कागद फिरवायचा, व्हायलमध्ये टाकायचा, सिंटिलेशन काउंटरला लावायचा. तो कण त्वचेच्या मृत थराच्या आत शिरत नाही हे खरं, पण हाताला लागलेलं पोटात गेलं तर ही ढाल उरत नाही. अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे, म्हणजे सांडलेलं आपोआप विरेल ही आशा सोडा. लिगंडवर ट्रिटियमऐवजी आयोडीन-१२५ असेल तर हिशोब वेगळा. ६० दिवसांचं अर्धायुष्य, शिशाचा आडोसा आणि थायरॉइडची काळजी.

स्कॅचर्डची (बाइंडिंगचे आकडे सरळ रेषेत बसवायची जुनी रीत) सरळ रेषा काढून केडी, म्हणजे लिगंड किती घट्ट बसतो त्याचा आकडा, वाचू नका. त्यात चुका फुगतात. थेट कर्व्ह फिटिंग करा. आणि गाइड निवडताना पेपर मोजू नका. तुमची वही उघडून "कोल्ड कुठलं?" असं विचारणारं माणूस इमारतीत कुठे आहे ते शोधा. माझ्या मॅडम माझ्या कमिटीतही नव्हत्या. पोस्टर मी मागे घेतलं, तेव्हा त्यांनी शेजारी बसून टेट्राबेनाझिनचं पहिलं स्टॉक माझ्याकडून बनवून घेतलं. त्या रात्री काउंटर सुरू करून घरी गेले. सकाळी कागदावर स्ट्रायटमचे आकडे आले, कॉर्टेक्सपेक्षा बरेच लहान. त्या रकान्याखाली मी पहिल्यांदा बिनधास्त '५-एचटी२ए' लिहिलं.