कोडमध्ये बँका भरू नका

2021 च्या सुरुवातीला पहिली नोकरी लागली. हिंजवडीचं ऑफिस तेव्हा फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं; काम कोथरूडच्या खोलीतून. पहिलंच काम असं की आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, टाकला की बँक आणि शाखा दिसली पाहिजे. मी एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावून प्रत्येक नोंदीची मॅप-पुटची ओळ (म्हणजे ‘या कोडसाठी ही शाखा’ असं यादीत टाकणारी आज्ञा) तयार केली आणि अख्खा गठ्ठा जावाच्या एका क्लासमध्ये चिकटवला. हुशारी वाटली होती.

कंपाइल केलं, तर ‘कोड टू लार्ज’. जावात एका मेथडचा बाइटकोड, म्हणजे कंपाइल होऊन तयार होणारा कोड, 64 केबीच्या आत बसावा लागतो आणि माझ्या ओळी होत्या तो स्टॅटिक ब्लॉक (क्लास लोड होताना आपोआप चालणारा भाग) हीसुद्धा शेवटी मेथडच. एका पुटला पंधराएक बाइट धरा, चार हजार नोंदींच्या पुढे गाडी अडते. मी गठ्ठ्याचे तुकडे करून वेगवेगळ्या क्लासमध्ये टाकले. चाललं! (आजही सांगताना कान गरम होतात.)

दणका बसला जूनमध्ये. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत विलीन झाली होती आणि तिचे जुने आयएफएससी 1 जुलै 2021 पासून बंद होणार होते. बदलली होती फक्त माहिती, पण माझ्या कृपेने त्यासाठी रिव्ह्यू, टेस्टिंग, रिलीज, सगळं आलं. सपोर्टच्या मॅडमना ती यादी माझ्यापेक्षा नीट ठाऊक होती, पण जावाच्या फाइलला त्या हात कसा लावणार? टीम लीडने एवढंच विचारलं, “ही यादी बदलतं कोण, आणि कधी?”

आता मी हेच आधी विचारतो. जीएसटीच्या राज्य कोडांसारखी छोटी, क्वचित बदलणारी यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत), प्रोग्रामच्या कोडच्या शेजारी, गिटमध्येच, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद राहते तिथेच. आयएफएससीसारखी लाखाच्या वरची, बाहेरून बदलणारी यादी डेटाबेसच्या टेबलात, झटपट शोधता यावं म्हणून इंडेक्ससह. बंद झालेली नोंद पुसायची नाही. ‘कधीपर्यंत वैध’ असा कॉलम ठेवायचा, कारण जुने व्यवहार तिच्याकडेच बोट दाखवतात. आणि व्यवहारात नाव नव्हे, कोड साठवा. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा ज्यांनी नाव साठवलं होतं त्यांची धावपळ झाली.

फाइल वाचताना तपासणी हवीच: आयएफएससीत अकरा अक्षरं, पाचवं शून्य, दुबार नोंद नाही. चूक असेल तर प्रोग्राम सुरूच होऊ देऊ नका. सगळ्यात जास्त छळतं एक्सेल. सीएसव्ही नुसती उघडून सेव्ह केली तरी जम्मू-काश्मीरचा जीएसटी कोड 01 नुसता 1 होतो, आणि बीओएम (फाइल कोणत्या लिपी-पद्धतीत आहे हे सांगणारी सुरुवातीची खूण) नसलेल्या यूटीएफ-8 फाइलमधलं मराठी कधीकधी अगम्य चिन्हांत दिसतं. कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा.

आठवड्याचे वार मात्र एनममध्येच, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या ठरावीक यादीत, राहू द्या. मी उत्साहाच्या भरात त्यांचीही सीएसव्ही केली होती. सात ओळींची. लीडने ती काही न बोलता डिलीट केली.